हसा, मिल बंद आहे

त्यांना बसलेलं मी सहा दिवस पाहिलं. बाकी दोन वर्षं उभंच, आणि उभं म्हणजे एका जागी नव्हे. चहा ते चालता चालता प्यायचे, विडी चालता चालता ओढायचे, आणि कुणी खुर्ची पुढे केली तर तिच्या पाठीला हात लावून तिच्याभोवती फेऱ्या मारायचे. कापड मिलच्या विणाई खात्यात त्यांनी सव्वीस वर्षं चार माग सांभाळले होते. दोन माग पुढे, दोन पाठीमागे आणि मधल्या गल्लीत दिवसभर येजा. मिल बंद झाली, माग थांबले, पण पायांना कुणी नोटीस दिली नव्हती.

आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. मी तेव्हा इंदूरला पोलोग्राउंडवरच्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओत कामाला होतो. स्टुडिओ म्हणजे पत्र्याच्या गोदामामागची एक बिनखिडकीची खोली. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले, मध्ये काच, काचेच्या अलीकडे मी आणि माझी दोन डेक. शेजारी डब्यांची झाकणं बनवायचा प्रेस होता, तो धाडधाड सुरू झाला की आमचं काम बंद. इथे भजनं व्हायची, निवडणुकीचा प्रचार व्हायचा, चूर्णाच्या जाहिराती व्हायच्या. मी महूहून रोज सकाळच्या गाडीनं यायचो. आजोबा पलटणीत, वडील छावणीच्या कचेरीत आणि मुलगा अंड्यांच्या पुठ्ठ्यांत, यावर आमच्या घरी रोज एक वाक्य ठरलेलं असे. मला मुंबईला जायचं होतं. खोटं कशाला बोलू, त्या खोलीत येणारा प्रत्येक गाणारा मला माझा वेळ खायला आला आहे असंच वाटायचं.

त्यात एका दुपारी काका आले. अंगात लग्नाच्या बँडवाल्याचा लाल कोट, खांद्यावर सोनेरी झुंबरं, खाली मिलची खाकी पँट.

"कॅसेट काढायची है, भिया. पैरोडी. दोन्ही साइड फुल्ल."

"कुणाच्या गाण्यांची?"

"जो मिल जाए. आरती, पाळणा, बिदाई, शाळेची प्रार्थना. अपुन किसीको छोडता नहीं."

सोडत नव्हतेच. मिलच्या गणपतीत वीस वर्षं त्यांची विडंबनं गाजली होती. मॅनेजर, जॉबर, कँटीनची डाळ, संडासाची रांग, प्रत्येकावर एक गाणं. मूळ गाणं कितीही सोवळं असो, काकांच्या तोंडी गेलं की त्याला विडीचा वास यायचा. मी एकदा विचारलं, की स्वतःची चाल का नाही लावत? तर फार गंभीरपणे म्हणाले, "स्वतःच्या चालीत काय, कुठेही पाय टाका. चाल दुसऱ्याची असली की पाय सांभाळून टाकावे लागतात." एवढं बोलून ते माइकच्या वायरीत अडकून पडले. खरोखरच पडले. उठून पुन्हा फेऱ्या सुरू.

गाणं चांगलं झालंय की नाही हे ठरवायची त्यांची एक रीत होती. राजवाड्यावरून पोलोग्राउंडकडे येणाऱ्या टेम्पोत बसायचे, म्हणजे मागे लोंबकळायचे, आणि आतल्या सवाऱ्यांना नवं गाणं ऐकवायचे. पळून जायला जागाच नसे. उतरायच्या ठिकाणापर्यंत कुणी हसलं नाही तर काका उतरत नसत. त्याच टेम्पोतून परत राजवाडा, वाटेत दोन ओळी बदलून परत पोलोग्राउंड. एकदा सकाळी दहाला येणार होते ते दीडला आले. मी चिडून बसलो होतो. दारातूनच म्हणाले, "आज पूरी सवारी शोकसभेतून आलेली होती यार, किसीके दाँत ही नहीं दिखे."

रेकॉर्डिंगला मात्र भलताच घोळ झाला. प्रेस बंद असताना, सगळं शांत झाल्यावर मी हात दाखवून खूण केली, की काकांचा गळाच बंद. घाम फुटायचा. शब्द विसरायचे. आणि शेजारी प्रेस सुरू झाला, मी कपाळाला हात लावला, की हे आत खड्या आवाजात सुरू! सव्वीस वर्षं दीडशे मागांच्या कल्लोळात गायलेला माणूस. शांततेत त्यांना स्वतःचा आवाज ऐकू यायचा आणि ते दचकायचे. "सन्नाट्यात कसं गाणार रे," म्हणायचे, "कुणीतरी मेल्यासारखं वाटतं."

तीन दिवस वाया गेल्यावर मी एक युक्ती केली. शेजारच्या प्रेसचाच आवाज टेपवर भरला आणि काकांच्या कानाला हेडफोन लावून तो आत सोडला. त्यांना धाडधाड, माइकला शांतता. काकांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. त्या दिवशी एका दमात चार गाणी झाली. ते माइकसमोर पुढेमागे चालायचे म्हणून आवाज कधी कानाशी, कधी कोसावर. त्यावर उपाय म्हणून माइकच्या दांड्याला चाकं लावली आणि मी तो दोरीनं त्यांच्यामागे ओढत राहिलो. मुंबईला जायची स्वप्नं पाहणारा माणूस मी, आणि करत काय होतो, तर एका विणकराच्या मागून माइकचा गाडा ओढत होतो. पण हसूही येत होतं, आणि ते लपवायला मला जड जायला लागलं.

पहिल्याच गाण्यात मिलचं गेट आणि कुलूप यांचं लग्न लावलेलं होतं. तेही रीतसर मंगलाष्टकांत:

"गेटाला वर लाभले कुलुप हे, चावी कुठे ना दिसे,
भोंगा मौन धरून आज बसला, वाजंत्रि कोणी नसे..."

आणि पुढे "सावधान" म्हणताना काका असा सूर लावायचे की अंतरपाटच डोळ्यांसमोर यायचा. कॅसेटचं नाव ठरलं "हसा, मिल बंद आहे". गाणी काही हिंदी, काही मराठी आणि पुष्कळशी त्यांच्या मधल्या, फक्त इंदुरात चालणाऱ्या भाषेत.

पण काकांचा जीव होता तो "हजेरी" या गाण्यावर. मिल बंद झाली तरी विणाई खात्यातली सातआठ माणसं रोज गेटसमोरच्या कडुलिंबाखाली येऊन बसायची. आज काही कळेल, उद्या काही कळेल, या आशेवर. भिंतीवर एव्हाना थंड पेयाची भलीमोठी लाल जाहिरात रंगवली होती, तिच्याखाली ही माणसं. काकांनी त्या प्रत्येकावर दोन दोन ओळी केल्या होत्या, बारशाच्या पाळण्याच्या चालीत. पन्नाशीच्या बाप्यांचं बारसं! दर दोन ओळींनंतर सगळ्यांनी मिळून "जो जो रे" म्हणायचं.

त्यातल्या किसनच्या ओळी सगळ्यांत गाजल्या. किसन म्हणजे काकांच्या शेजारच्या चार मागांवरचा. पहिल्या पाळीच्या वेळेला, सातच्या ठोक्याला, हा रोज डबा घेऊन गेटावर हजर. रिसेसच्या वेळी डबा खायचा, पाळी सुटायच्या वेळी घरी जायचा. गेटला कुलूप आहे ही गोष्ट त्याच्या वेळापत्रकात बसतच नव्हती.

"सात वाजले, किसन निघाला हातात डबा घेऊन,
गेट म्हणालं, 'घर जाओ भिया', किसन म्हणे, 'जेवून!'"

काकांबरोबर मी दोनचारदा तिथे गेलो होतो. काळासावळा, मिशाळ, भला माणूस. आपल्या ओळी आल्या की मांडीवर थाप मारून हसायचा आणि काकांना म्हणायचा, "भिया, मेरावाला एक बार और." त्याला स्वतःवरचा विनोद पुन्हा पुन्हा हवा असायचा. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आता काकूंबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यांच्या शब्दावर अडलेलं होतं. काकूंच्या भावानं पिथमपूरच्या नव्या मोटार कारखान्यात काकांसाठी चौकीदाराची नोकरी पाहून ठेवली होती. काका दर आठवड्याला "देखते हैं" म्हणून टोलवत होते. शेवटी काकू स्वतः स्टुडिओत आल्या. हा माणूस खरंच गातो की नुसता फिरतो, ते पाहायला. दोन गाणी ऐकली, हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अहो, कॅसेट काढा. मी नाही म्हणत नाही. पण अनंत चतुर्दशीपर्यंत. त्या दिवशी लोकांनी उचलली तर तुम्ही आर्टिस्ट. नाही उचलली तर दुसऱ्या दिवशी मी भावाला हो सांगणार."

चतुर्दशीच का, ते इंदूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. मिलांच्या झांक्या निघतात, देखाव्यांचे रोषणाई केलेले ट्रक, आणि सगळं शहर रस्त्यावर उतरतं. त्या वर्षी मिल बंद असूनही माणसांनी वर्गणी काढून झांकी केली होती आणि तिच्या पुढच्या ट्रकवर काकांची कॅसेट वाजणार होती. तिथे जो गाजला त्याला वर्षभर कार्यक्रम. काकांना हे पक्कं ठाऊक होतं. जेल रोडवरून पाचशे कॅसेटी भरून आल्या, खोक्यांवर लाल कोटातला फोटो. काका एकेक खोकं उचलून स्वतःकडे पाहायचे आणि पुन्हा नीट रचायचे.

चतुर्दशीला चार दिवस उरले होते. एका सकाळी किसनच्या बायकोनं डबा भरला, हाक मारली आणि किसन उठलाच नाही. झोपेतच गेला.

स्मशानातून काका अंघोळ करून थेट माझ्याकडे आले. केस ओले. तिथे कुणीतरी त्यांना विचारलं होतं, "अब किसन पे क्या गाओगे, भिया?" वाईट हेतूनं नाही, माणसाला दुःखात काहीतरी बोलायचं असतं म्हणून. पण काकांना ते लागलं.

"ती ओळ काढून टाक," म्हणाले. "मेलेल्या माणसाला हातात डबा देऊन शहरभर नाचवू का मी? वहिनींच्या कानावर पडलं तर कोणतं तोंड दाखवू?"

मी लगेच मास्टर टेप चढवली आणि दहा सेकंद पुसून टाकले. आमच्याकडे टेपा पुन्हा पुन्हा वापरायच्या असत, त्यामुळे जपून ठेवायची सवय कुणालाच नव्हती, पुसायची होती. मूळ कुठेतरी उतरवून ठेवावं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. उलट माझ्या तत्परतेचं मला कौतुकच वाटलं.

"आणि या पाचशे?" काकांनी विचारलं.

"त्या राहू द्या काका. कोण इतकं लक्ष देऊन ऐकतंय?"

"किसन ऐकायचा."

आणि काका बसले. आयुष्यात पहिल्यांदा, माझ्या स्टुलावर, माझ्या डेकसमोर. विकायच्या कॅसेटवर चुकून दुसरं काही भरलं जाऊ नये म्हणून वरच्या कडेची भोकं उघडी ठेवलेली असतात. त्यांवर चिकटपट्टी लावायची, कॅसेट पळवत त्या जागेपर्यंत न्यायची, दहा सेकंद शांतता भरायची, ऐकून खात्री करायची, चिकटपट्टी काढायची. मग पुढची. मी एका डेकवर, ते दुसऱ्यावर. प्रत्येक वेळी पुसण्याआधी किसनची ओळ वाजायची आणि काका ती पूर्ण वाजू द्यायचे. मी म्हटलं, वेळ जातोय. त्यांनी पुढची कॅसेट चढवली.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी वीज गेली. खोलीत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. काका इतके तास बसून आंबले होते, अंधारात उठून दोन पावलं चालले आणि पुसलेल्या कॅसेटींचा ढीग न पुसलेल्यांवर कोसळला. दिवे आले तेव्हा कुठली कुठली ते ओळखायला काहीच मार्ग उरला नव्हता. मी जे काही बोललो ते त्या वयाच्या माणसाला बोलण्यासारखं नव्हतं. काका खाली बसून कॅसेटी गोळा करत राहिले आणि म्हणाले, "पहिल्यापासून ऐकावं लागेल."

चतुर्दशीच्या आदल्या दिवशी काकू डबा घेऊन आल्या. दारात उभं राहून त्यांनी सगळं पाहिलं.

"अहो, उद्या चतुर्दशी. झाल्यात तेवढ्या घेऊन बाहेर पडा की."

"सगळ्या ऐकून झाल्याशिवाय नाही. एक जरी तशीच गेली ना, तर मला झोप नाही लागायची."

मला वाटलं आता भांडण होणार. काकूंना तर नोकरीच हवी होती, त्या गप्प बसून राहिल्या असत्या तरी चाललं असतं. पण त्या खाली बसल्या, पदर खोचला आणि चिकटपट्टीचे तुकडे कापून भोकांवर लावायला लागल्या. दिवसभर लावत होत्या. दुसऱ्या दिवशी शहर झांक्या बघायला निघालं, मिलचा ट्रक काकांच्या कॅसेटशिवायच गेला, तेव्हा आम्ही तिघं त्या खोलीत होतो आणि दीडशेच्या वर कॅसेटी बाकी होत्या. सहाव्या दिवशी दुपारी शेवटची संपली. काकू उठल्या, गुडघे दाबले आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "भावाला कळवते मग." काकांनी मान हलवली.

पुढे नवरात्र आलं, दुकानात गरब्याच्या कॅसेटी लागल्या. काका सराफ्यात चारसहा दुकानांत आपल्या ठेवून आले, तीनचार विकल्या गेल्या असतील. मग पिथमपूर. तिथेही त्यांचे पाय आणि तोंड थांबलं नाही. कारखान्यात रोज सकाळी कामगारांना रांगेत उभं करून सुरक्षेची इंग्रजी शपथ म्हणवून घेत. काकांनी ती गेटावर फेऱ्या मारता मारता आरतीच्या चालीत बसवली. पंधरा दिवसांत ती पोरांच्या तोंडी इतकी बसली की परदेशी साहेब आले त्या दिवशी सगळ्या रांगेनं ती टाळ्यांच्या ठेक्यावरच म्हटली. साहेब खूश, भारतीय परंपरा म्हणून त्यांनी फोटो काढून घेतले. काकांना मात्र लेखी ताकीद मिळाली. ती त्यांनी चौकटीत घालून घरी लावली.

मी मुंबईला गेलो, परत आलो, तो वेगळा विषय. काका आता नाहीत. त्यांची आठवण निघाली की लोक ही शपथेची गोष्ट सांगतात आणि हसतात. मीही सांगतो. पण मला ते आठवतात ते दिवाळीनंतरच्या एका सुट्टीच्या दिवशी. उरलेल्या कॅसेटी पोत्यात भरून न्यायला ते आले होते, आणि त्यांना शोधत किसनची बायको स्टुडिओत आली.

"तुमच्या घरी गेले होते मी, भाऊजी. ताई म्हणाल्या, इकडे आहात. एक कॅसेट द्या ना."

काकांनी दिली. तिनं फोटो पाहिला, कॅसेट उलटसुलट केली.

"आमच्याकडे टेप नाही. इथेच वाजवता का भाऊजी? ह्यांच्यावाली लाइन तेवढी."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी "हजेरी" लावली. एकाच्या दोन ओळी झाल्या, "जो जो रे" झालं, मग दहा सेकंद नुसती सूं सूं, आणि पुढच्याचं नाव.

"निकल गयी क्या?" तिनं विचारलं.

"काढली वहिनी, आम्ही."

"का?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

ती त्यांच्याकडे वळली. मग अजिबात आवाज न चढवता म्हणाली, "मला विचारलं होतं?"

पाचशे कॅसेटी, सहा दिवस, हातची गेलेली चतुर्दशी. आणि या बाईचं घर काकांच्या घरापासून तीन गल्ल्या सोडून. आमच्यापैकी कुणालाही तिथवर जाऊन एक प्रश्न विचारावासा वाटला नव्हता. मला इतकी लाज क्वचितच कधी वाटली असेल.

"रोज घरी आले की म्हणायचे ती लाइन," ती सांगू लागली. "दारातच. शर्ट काढायच्या आधी. मी चिडायचे, अहो, लोक हसतात तुमच्यावर. तर म्हणायचे, हसतात म्हणून तर जातो. नहीं तो उधर अब है क्या."

काका माइककडे गेले. "मी म्हणतो. आत्ता भर," मला म्हणाले. मी हेडफोन दिले, प्रेसचा आवाज सोडला, टेप फिरवली. काकांनी तोंड उघडलं. काहीच आलं नाही. दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदाही नाही. चौथ्यांदा त्यांनी हेडफोन काढून ठेवले आणि भिंतीकडे तोंड केलं.

"मी म्हणू का?" तिनं विचारलं.

ती माइकपुढे उभी राहिली, पदर सावरला. सुरू केलं, "सात वाजले," आणि थांबली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच थांबली. मला वाटलं शब्द आठवत नाहीत. मी काचेच्या अलीकडून सांगितलं, "किसन निघाला, म्हणा." ती नुसती मान हलवत राहिली. मग माझ्या ध्यानात आलं. उभ्या जन्मात तिनं नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं.

तिसऱ्या वेळी ती न थांबता म्हणाली:

"सात वाजले, हे निघाले हातात डबा घेऊन,
गेट म्हणालं, 'घर जाओ भिया', हे म्हणाले, 'जेवून!'"

शेवटच्या शब्दावर तिला हसू फुटलं. अर्धा शब्द त्या हसण्यातच गेला, आणि मागून भिंतीशी उभ्या असलेल्या काकांचंही हसणं त्यात आलं, रडणंही असेल. कामाच्या दृष्टीनं टेक खराब होता. तिच्या कॅसेटमधल्या त्या दहा सेकंदांत मी तोच भरून दिला.